शेऱ्याची दुसरी ओळ

४ मार्च

प्रिय टाचणी,

परवा तुझा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात सात टाचण्या होत्या, त्यामुळे ‘हं’ आणि ‘अंहं’ यापलीकडे काही बोलता आलं नाही. तू चिडून फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्र लिहिताना तोंडातल्या टाचण्या काढाव्या लागत नाहीत आणि तुला मध्येच तोंड घालता येत नाही, असे दोन फायदे.

बातमी अशी की माझा पुढचा दात बंड करून उठलाय. वरचा, डाव्या हाताचा. गार पाणी लागलं की कळ थेट मस्तकात जाते. काल एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची मापताना कळ आली आणि मी टेप इतक्या जोरात ओढली की तो बिचारा म्हणाला, बाई, पँट कमी करायचीय, पाय नाही.

मग गेले दातांच्या डॉक्टरांकडे. आपले जुनेच, बोलघेवडे. एका दाताचं विचारलं की बत्तीस दातांचा इतिहास सांगतात, तोही आपल्या तोंडात दोन्ही हात घालून, म्हणजे उलट बोलायची सोय नाही. त्यांचं म्हणणं, दाताला चीर गेलीय आणि आतली नस दुखावलीय. रूट कॅनाल करून वर कॅप बसवली तर हा दात मला पुरून उरेल. पण महिन्याभरात व्हायला हवं. चीर हिरडीखाली उतरली की ब्रह्मदेव आला तरी दात राहणार नाही. तूर्त त्यांनी वरून काहीतरी लिंपून दिलंय.

अडलंय ते मंजुरीपाशी. कारखान्यात गणवेश शिवत होते तेव्हापासूनचा विमा आहे माझा, चौदा वर्षांत एकदाही वापरलेला नाही. तरी आधी अर्ज, मग मंजुरी, मग दात. शेजारच्या खुर्चीवर पोस्टातले एक गृहस्थ बसले होते. त्यांची वर्षाची मर्यादा डिसेंबरात संपली म्हणून रूट कॅनाल गेल्या वर्षी आणि कॅप या वर्षी. मधले सगळे दिवस एकाच बाजूने चावत होते. म्हणाले, आता डाव्या गालाला जेवण म्हणजे काय ते आठवतच नाही.

तुझ्या विम्याच्या ऑफिसात असल्याच फाइली येतात ना? माझी आली तरी वशिला लावू नकोस. नियमाने मिळतंय ते नियमानेच मिळू दे. मात्र हा दात गेला तर मी टाचण्या धरणार कशात? माझं अर्धं दुकान त्या दातावर चालतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तुझी मावशी

११ मार्च

प्रिय मावशी,

फोन चिडून ठेवला नव्हता, जेवणाची सुट्टी संपली होती. पण तू पत्र लिहिणार असशील तर मी दर आठवड्याला चिडेन.

दाताची अजिबात काळजी करू नकोस. चीर आणि दुखावलेली नस म्हणजे रूट कॅनाल, त्यावर कॅप. आमच्याकडे असे अर्ज रोज ढिगाने मंजूर होतात. वशिल्याचं म्हणशील तर तो लावायचं ठरवलं तरी लावता येणार नाही. फाइलीवर नाव नसतंच, नुसता आकडा. आमच्या मजल्यावर तीस टेबलं, प्रत्येकाला दोन पडदे, एकावर एक्स-रे आणि दुसऱ्यावर अर्ज. एका फाइलीला तीन मिनिटं. कोपऱ्यात छोटं घड्याळ असतं, ते आधी हिरवं असतं आणि तीन मिनिटांनी लाल होतं. माझं क्वचितच लाल होतं. चहाचं मशीन मात्र चहाच्या बटणावर कॉफी देतं आणि कॉफीच्या बटणावर गरम पाणी, पण चूक लिहून द्यायचा अर्ज कुठे मिळतो ते कुणालाच माहीत नाही.

तू विचारशील, दातांचा दवाखाना सोडून हे काय धरलंस. अगं, तिथे माणसं बोटं चावायची. इथे कुणी चावत नाही.

एक गंमत सांगते. परवा कुठल्याशा डॉक्टरांनी शेऱ्याच्या रकान्यात अख्खी कादंबरी लिहून पाठवली होती. सुरुवात अशी, ‘अनेक वर्षांच्या सवयीमुळे दाताच्या कडेला खाच पडली आहे.’ मला तेवढं पुरे होतं. सवयीने झालेली झीज नियमात बसत नाही. ‘झीज’वर टिक केली आणि पुढची फाइल उघडली. अवघं एक मिनिट दहा सेकंद. शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी टाळ्या वाजवल्या.

आणि कृपा करून धागे दाताने तोडणं बंद कर. लहानपणी तूच मला शिकवलंस की दाताने तोडलेल्या धाग्याचं टोक चपटं होतं, सुईत जात नाही, म्हणून कात्री वापरावी. आणि एवढं सांगून झालं की स्वतः कट् करून दाताने तोडायचीस. आता तरी स्वतःचं ऐक.

तुझी टाचणी

२० मार्च

प्रिय टाचणी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लिहितेस छान.

मंजुरीचं उत्तर आलं. चांगल्या कागदावर आलंय, त्याची बाही कापून बघावी असा कागद. आत लिहिलंय की दाताची झीज सवयीमुळे झाली असल्याने रूट कॅनाल आणि कॅप नामंजूर. मात्र दात काढणे व त्या जागी काढता-घालता येणारा दात बसवणे, हे पूर्ण मंजूर. म्हणजे दात वाचवायचा म्हटलं तर नाही, उपटायचा म्हटलं तर या, बसा, चहा घ्या. शर्टाचं बटण तुटलं म्हणून माझ्याकडे कुणी आलं आणि मी म्हटलं, बटण लावणार नाही पण शर्ट फुकट फाडून देते, तर दुकान किती दिवस चालेल?

डॉक्टर तर लालबुंद झाले. म्हणाले, मी सगळं सविस्तर लिहिलं होतं हो. मी म्हटलं, वाचा बघू काय लिहिलंत. त्यांनी नक्कल काढून अभिमानाने वाचली. जशीच्या तशी उतरवून पाठवते, तू त्यातली जाणकार:

‘अनेक वर्षांच्या सवयीमुळे दाताच्या कडेला खाच पडली आहे. त्या खाचेतून उभी चीर गेली असून नस दुखावली आहे, तथापि वेळीच उपचार केल्यास दात निश्चित वाचेल. रुग्ण शिवणकाम करतात व चाळीस वर्षे दाताने धागा तोडत आल्या आहेत. दात त्यांच्या कामाचे हत्यार आहे. कृपया विचार व्हावा.’

मला तर बरं वाटलं ऐकून. माझ्याबद्दल एवढं चांगलं आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

फेरविचाराचा अर्ज करता येतो म्हणे. डॉक्टर म्हणतात, या वेळी कसं लिहायचं ते तुमच्या भाचीला विचारा, मी लिहिलं की बिघडतं. तेव्हा कळव. मी गळ्यात दोरीने कात्री बांधलीय. लोकांना वाटतं, म्हातारी कुणाचा तरी खून करणार.

तुझी मावशी

१३ एप्रिल

प्रिय टाचणी,

चोवीस दिवस झाले. दर आठवड्याला चिडणार होतीस ना?

तू सात वर्षांची होतीस तेव्हा बटणांची काचेची बरणी फोडलीस आणि कापायच्या टेबलाखाली जाऊन बसलीस. मी सगळं घर पालथं घातलं. शेवटी टेबलावरून लोंबणारं कापड थरथरताना दिसलं. मी खाली बसून बटणं वेचायला लागले. पंधरा मिनिटांनी तूही बाहेर येऊन वेचायला लागलीस. आठवतं?

आत्ता तू कुठल्या टेबलाखाली आहेस?

दाताचं म्हणशील तर आता अजिबात दुखत नाही. त्याची काळजी सोड. तू जेवतेस का नीट, एवढं कळव.

तुझी मावशी

१६ एप्रिल

मावशी,

ती फाइल मी नामंजूर केली.

तुझं वीस तारखेचं पत्र मी ऑफिसात वाचलं. डॉक्टरांची पहिली ओळ ओळखीची निघाली. त्याच दिवशी फाइल पुन्हा उघडून बघितली. एक्स-रे समोर होता. कडेला ती खाच. मावशी, त्या खाचेकडे बघत मी लहानाची मोठी झाले. मला झोप लागायची ती तुझ्या दाताच्या कट् कट् आवाजात. आणि पडद्यावर मोठी करून दाखवली तरी मी ती ओळखली नाही, कारण मी बघत नव्हतेच. पहिली ओळ वाचून थांबले. दुसऱ्या ओळीत चीर होती, नस होती, ‘निश्चित वाचेल’ होतं. माझ्या हाती अजून एक मिनिट पन्नास सेकंद शिल्लक होते, आणि त्यांचं मी काय केलं तर टाळ्या घेतल्या.

मग मी गप्प बसले. नियम असा आहे की नात्यातल्या माणसाची फाइल हाताखालून गेली तर लगेच वरिष्ठांना सांगायचं. मला सांगायची लाज वाटली, आणि भीतीही. रोज पत्र लिहायला घ्यायची आणि फाडायची. तू मला अर्ज कसा लिहायचा एवढं एकच विचारलं होतंस, आणि त्यातच मी तुझे चोवीस दिवस घालवले. यासाठी माझ्याकडे काही सबब नाही.

तुझं बरणीचं पत्र काल आलं. आज सकाळी मी मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. नातं कधी कळलं, आणि मग इतके दिवस काय करत होतीस. पहिल्याचं उत्तर दिलं, दुसऱ्याला रडले. त्यांनी मला लेखी समज दिली, ती योग्यच होती. फाइल आता माझ्याकडे येणार नाही, त्या स्वतः बघतील.

आता नीट ऐक आणि आजच डॉक्टरांकडे जा. त्यांना सांग, पहिल्या ओळीत चीर लिहा. दुसऱ्या ओळीत नस. गार पाण्याने कळ येते हे लिहा, समोरून काढलेला फोटो जोडा. खाच, सवय, धागा हे शेवटी, नाहीतर लिहूच नका. माझ्यासारखं कुणी वाचत असेल तर ते पहिल्या ओळीपुढे जाणार नाही. दुखत नाही म्हणालीस ते मला आवडलं नाही. नस मेली की दुखणं थांबतं. तरीही दात वाचतो, पण उशीर करू नकोस.

कॅपचे पैसे मी भरते, असं लिहिणार होते. तू पाकीट तसंच परत पाठवशील, म्हणून लिहीत नाही.

टाचणी

२६ एप्रिल

प्रिय टाचणी,

आलीस का टेबलाखालून बाहेर? बरं झालं.

मला मार्चातच कळलं होतं. तुझ्या पत्रातली ती ओळ आणि डॉक्टरांनी वाचलेली ओळ एकच, हे कळायला मला चष्माही लागला नाही. म्हणून तर शेरा उतरवून पाठवला. तुला बोलायचे चार शब्द मी लिहूही शकले असते, पण वाटलं, हिचं हिला दिसू दे. रागावले होते का? हो, दोन दिवस. त्या दोन दिवसांत तीन झिपा उलट्या लावल्या. मग राग गेला, कारण उसवायला मलाच बसावं लागलं.

तू मॅडमना सांगितलंस हे मला तुझ्या डॉक्टरकीपेक्षा मोठं वाटतं. खरंच.

आता दुसरी गोष्ट, आणि ती ऐकून डोक्यात राख घालून घेऊ नकोस. दात गेला. चूक सगळी माझी. तुझ्यासाठी हिवाळ्याचा कोट शिवायला घेतला होता. शेवटचा टाका घातला, गळ्यात कात्री लटकतेय, तरी चाळीस वर्षांची सवय. धागा तोंडात गेला आणि कट्. धागा आणि दात एकदमच तुटले. मी एकटीच हसत सुटले. तुझ्या त्या नामंजुरीचा यात काही संबंध नाही. मंजुरी वेळेवर आली असती तरी मी धागा तोडलाच असता. मग कॅप कशाला, देव बसवला असता तरी पडला असता. तेव्हा हे ओझं तू वाहू नकोस.

डॉक्टरांनी काढता-घालता दात दिलाय. ‘स’ म्हटलं की शिट्टी वाजते, त्यामुळे गिऱ्हाइकांना मी ‘सोमवारी या’ म्हणत नाही, मंगळवारी बोलावते. टाचण्या आता मनगटावरच्या उशीत खोचते. डॉक्टर पुन्हा कसलासा अर्ज खरडत होते, मी लक्ष दिलं नाही.

कोट सोबत पाठवते. खांद्यात सैल वाटला तर कळव.

तुझी मावशी

१२ मे

प्रिय मावशी,

कोट अगदी अंगाबरोबर आहे. उन्हाळ्यात घालून बसलेय, शेजारीण खिडकीतून बघतेय.

कोट मिळाला त्या दिवशी मी तो उलटा केला आणि तो धागा शोधला. मला बघायचा होता. आतली सगळी टोकं एकेक करून दिव्याखाली बघितली. अस्तराची, खिशाची, कॉलरची. मावशी, एकही टोक चपटं नाही. सगळी कात्रीची आहेत, सरळ.

मला वाटलं, माझीच नजर चुकत असेल. मी त्या बाबतीत आता स्वतःवर फारसा विश्वास ठेवत नाही. म्हणून गप्प राहिले, पण या वेळी फक्त आठच दिवस.

काल मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, तुमच्या मावशींच्या फेरविचाराचा निकाल लागला, फाइल बंद झाली, आता तुम्हाला वाचायला हरकत नाही. आणि शेऱ्याचा रकाना पूर्ण वाचा, असं म्हणून त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी या वेळीही कादंबरीच लिहिलीय. माझा सल्ला पाळून पहिल्या ओळीत चीर आहे. पुढचं मी उतरवून पाठवते, तू त्यातली जाणकार:

‘दात दि. ६ एप्रिल रोजी दुधात भिजवलेला पाव खाताना हिरडीखाली तुटला. पहिल्या अर्जानंतर रुग्णाने एकही धागा दाताने तोडलेला नाही. त्या गळ्यात कात्री बांधून असतात, हे मी दर भेटीत पाहिले आहे. मंजुरी वेळेत मिळाली असती तर दात वाचला असता. हे त्यांच्या भाचीस कळवू नये, अशी त्यांनी मला ताकीद दिली आहे. मात्र शेरा खोटा लिहिता येत नाही. तरी पक्का दात बसवण्यास मंजुरी मिळावी.’

सहा एप्रिल. म्हणजे बरणीचं पत्र लिहिलंस तेव्हा दात जाऊन आठवडा झाला होता. ‘आता अजिबात दुखत नाही’ असं लिहिलंस. आणि ‘तू जेवतेस का नीट’ असं तू मला विचारलंस, दुधात पाव बुडवून खाणारी तू.

तुझ्या खोट्याबद्दल तुझ्यावर रागावता येईना, म्हणून मी मॅडमच्या खोलीत दुसऱ्यांदा रडले. त्यांना आता सवय झालीय. पण एक सांगते. ते ओझं मला दे. ते माझं आहे, मला ते वाहायचंय, आणि ते वाहिल्याशिवाय मी चांगली डॉक्टर होणार नाही. तू उचललंस म्हणून ते हलकं झालं नाही, उलट लपवून ठेवल्यामुळे सापडायला उशीर झाला.

पक्का दात मंजूर झालाय. पत्र दोन दिवसांत मिळेल. त्यात टाचण्या धरू नकोस असं लिहिणार होते, पण धर. पडला तर पुन्हा भांडू.

आणि मी एक मागून घेतलंय. मागच्या वर्षभरात ‘झीज’ म्हणून मी नामंजूर केलेल्या सगळ्या फाइली. तीनशे बारा आहेत. संध्याकाळी काम संपलं की बसते आणि शेरे शेवटपर्यंत वाचते. एक सुतार आहे, तो खिळे तोंडात धरतो. एक बाई केशभूषा करतात, क्लिपा दाताने उघडतात. आतापर्यंत सत्तर झाल्या आणि नऊ सापडल्या, दुसऱ्या ओळीत चीर असलेल्या. मॅडमनी त्या नऊ जणांना पत्रं पाठवलीत. त्यांच्यातले किती दात अजून जागेवर आहेत ते माहीत नाही. दिवसाच्या कामात माझं घड्याळ आता रोज लाल होतं. टाळ्या कुणी वाजवत नाही.

शनिवारी येतेय. मला तुझं तोंड बघायचंय. एक्स-रे नको, तोंडच. खिडकीजवळ खुर्ची ठेव, आणि दार उघडशील तेव्हा तो काढता-घालता दात न घालता हसून उघड. जे मी घालवलं ते मला एकदा नीट बघू दे.

तुझी टाचणी

१५ मे

टाचणी,

डॉक्टरांचा शब्द म्हणजे गळकं भांडं, हे मी विसरले. त्यांना आता शिवणकामाचे पैसे दुप्पट लावणार आहे.

ये. खुर्ची खिडकीशी ठेवलीय. हसेनही, पण घाबरलीस तर तुझं तू बघ. येताना तुझ्या त्या फाइलींपैकी शंभरेक शेरे उतरवून घेऊन ये. ऑफिसात चालत नसेल तर नुसते तोंडी सांग. मी शिवत बसेन, तू वाचत बस. सुताराचं पुढे काय झालं ते मला ऐकायचंय, शेवटपर्यंत.

मावशी